झेन्झीच्या घरचं विरजण

आई मला उतरवून घ्यायला आलीच नाही.

बसमधून उतरले तर समोर माझी धाकटी बहीण वैजू उभी, कडेवर पोर, आणि शेजारी तिचा नवरा अँटोन, माझी बॅग घ्यायला हात पुढे केलेला. मी आधी त्यांच्या मागे बघितलं. मग बसच्या पलीकडे जाऊन बघितलं. मिरजेहून मुंबई, तिथून विमान, ते उतरून दुसरं विमान आणि मग घाट चढणारी सात तासांची बस, एवढं सगळं जिच्यासाठी केलं ती बाई कुठंच दिसेना.

"आई कुठाय?"

"घरी आहे गं," वैजू म्हणाली. "परवा भट्टी आहे ना, तिचं पीठ दळायचं चाललंय."

"मी नऊ महिन्यांनी भेटतेय तिला."

"मी म्हटलं तिला तसं. तर म्हणाली, शालन काय घर चुकणार आहे का?"

पोराचा पापा घेतला. पोर आमच्या आईसारखं दिसत होतं, तेही मला खटकलं. त्या वर्षी मी बेचाळीस वर्षांची होते आणि नववी-दहावीला शास्त्र शिकवत होते. म्हणजे शहाणपणाची काही कमतरता नव्हती. पण त्या पाच दिवसांत मी काय केलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गावाचं नाव सांता नोतबुर्गा. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या डोंगरात आहे. एकशेवीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या टिरोल नावाच्या डोंगराळ मुलखातून एकोणतीस कुटुंबं जहाजानं इथं आली, त्यांनी जंगल तोडलं आणि मागे सोडलं होतं तसंच गाव पुन्हा उभं केलं. उतरत्या छपरांची लाकडी घरं, टोकदार कळसाचं चर्च, प्रत्येक घराला स्वतःचं नाव. दुकानात पोर्तुगीज बोलायचे आणि घरात पणजोबांची भाषा. आमच्या मिरजेत तेव्हा उन्हानं अंगाची लाही होत होती आणि इथं मे महिन्यात थंडी सुरू. अँटोन कारखान्याच्या कामासाठी पुण्याला आला, वैजू त्याच्या प्रेमात पडली आणि इथं येऊन ओबरहोफ नावाच्या घराची सून झाली.

आई स्वयंपाकघरात होती. नेसूचं तेच काठाचं लुगडं, पण वर लोकरीचा जाड स्वेटर, पायात गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि कमरेला फुलाफुलांचा एप्रन. मला बघून तिचे डोळे भरले हे खरं. तिनं पिठाच्या हातांनीच माझा चेहरा धरला. पण दुसरं वाक्य काय बोलावं?

"विहीणबाई, ही माझी थोरली."

टेबलाशी बसलेली थोराड म्हातारी उठली. ही अँटोनची आई, क्रेसेन्स. सगळं गाव तिला झेन्झी म्हणायचं. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज पोलिसाचा, आणि हाताची बोटं संधिवातानं वेडीवाकडी झालेली. तिनं मला छातीशी आवळलं, तिच्या भाषेत काहीतरी बडबडली आणि शेवटी चक्क मराठीत म्हणाली, "बस गं. खा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या आईच्या तोंडचे शब्द, तिच्याच सुरात, या बाईच्या तोंडी.

आता माझं दुखणं सांगते. माहेर सांगलीत, सासर मिरजेत, मध्ये जेमतेम दहा किलोमीटर. माझी सासू होती तोवर आई माझ्या घरी एकदाही राहिली नाही. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तिचा नेम. वैशाखाच्या उन्हात एसटीतून उतरून यायची, मी पेला पुढं करायची आणि ती म्हणायची, "आत्ताच पिऊन आले गं." ओठ सुकलेले दिसायचे. सासू गेल्यावर मी नवऱ्याच्या मागे लागून खाली एक खोली बांधून घेतली, खास आईसाठी. पलंग मांडला, देव्हारा केला. तेवढ्यात वैजूला दिवस गेले. "तीन महिन्यांत बाळंतपण उरकून येते," म्हणून आई विमानात बसली, ती बसलीच. तीनाचे नऊ महिने झाले. दर पत्रात विहीणबाई असं म्हणाल्या, विहीणबाईंनी तसं केलं. शेवटच्या पत्रात मी लाल पेनानं खुणा केल्या. एका पत्रात एकोणीस विहीणबाई.

म्हणून मी सुट्टी लागताच दोन परतीची तिकिटं घेऊन आले होते. मंगळवारची. एक माझं, एक तिचं.

संध्याकाळी चहाचा कप तिच्या हातात बघून मला राहवलं नाही. "इथलं पाणी चालतं वाटतं?"

आई हसली. "अगं, विहीणबाईंना कळत नाही ते. पहिल्या दिवशी मी पाणी नको म्हटलं, तर त्यांनी डॉक्टरच बोलावला."

वैजू खो खो हसली. मी तिकिटं टेबलावर ठेवली. "मंगळवारी निघायचंय आई. खोली तयार आहे. तुझी."

आई तिकिटाकडे बघत राहिली. "बघू गं. भट्टी तर होऊ दे."

बघू! नवऱ्याला, शाळेला, पोरांना, सगळ्यांना मी सांगून आले होते की आईला घेऊन येते. आणि आई म्हणते बघू.

त्याच संध्याकाळी मी आणखी एक पाहिलं. चुलीपाशी दोघी म्हाताऱ्या बसलेल्या. आई वाटीत तेल कोमट करून झेन्झीची वाकडी बोटं एकेक करून चोळत होती. आई मराठीत बोलत होती, झेन्झी तिच्या भाषेत, आणि दोघींचं अगदी बरोबर चाललं होतं. माझ्या डोक्याला आईनं शेवटचं तेल कधी लावलं ते मला आठवेना. रडू आलं मला. ते रडू प्रेमाचं नव्हतं, सरळ सरळ जळफळाटाचं होतं.

शुक्रवारी आईनं मला तिची ती भट्टी समजावली. गावाच्या चौकात दगडी भट्टी आहे, पहिल्या कुटुंबांनी बांधलेली. दर पंधरा दिवसांनी शनिवारी ती पेटते आणि गल्लीतली सगळी घरं आपापले पाव त्यात भाजतात. पीठ फुगवायला बाजारातलं काही वापरत नाहीत. प्रत्येक घरात एका बरणीत आंबवलेलं पीठ असतं. आदल्या संध्याकाळी ते सगळं पाण्यात आणि थोड्या पिठात कालवायचं, रात्रभर फुगू द्यायचं. सकाळी मीठ पडायच्या आधी त्यातली एक मूठ काढून पुन्हा बरणीत ठेवायचं. पुढच्या खेपेला तेच.

"आपलं विरजण गं," आई म्हणाली. "फक्त पिठाचं. विहीणबाईंच्या आजेसासूनं जहाजात पोटाशी बांधून आणलं, थंडीनं मरू नये म्हणून. तेव्हापासून चालू आहे."

"आणि हे तू करतेस?"

"त्यांच्या हातांनी होत नाही ना आता."

वैजू पोराला भरवत होती. सहज म्हणाली, "मला सुद्धा हात लावू देत नव्हत्या ताई. त्यांच्या स्वतःच्या लेकीलाही नाही दिलं. आई आली आणि तिसऱ्याच भट्टीला बरणी आईच्या हातात दिली. गावात चर्चा झाली होती!"

तिला वाटलं मला कौतुक वाटेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरी पाण्याचा थेंब न घेणारी बाई इथं एकशेवीस वर्षांची बरणी सांभाळत होती.

शनिवारी उजाडता उजाडता आईनं मला हाक मारली. लाकडी काठवटीत पीठ फुगून वर आलेलं, आंबूस वास सुटलेला.

"शालन, आज तू मळ. माझे खांदे भरून आलेत. हे बघ, आधी एक मूठ काढून बरणीत टाक. मग मीठ. मग उरलेलं पीठ. आम्ही दोघी भट्टी झाडून येतो."

"बरं."

"आधी मूठ हं."

"कळलं गं आई."

त्या बाहेर पडल्या. मी खिडकीतून बघत होते. अंगणात दव गोठलं होतं. झेन्झी थांबली, स्वतःच्या डोक्याची शाल सोडली आणि आईच्या डोक्याला बांधली. वाकड्या बोटांनी गाठ बसेना, तर आई लहान मुलीसारखी मान वर करून उभी राहिली.

मी मीठ टाकलं.

मग पीठ टाकलं आणि मळायला लागले. जोर लावून मळलं. बरणी रिकामी होती, ती धुतली आणि झाकण लावून ओट्यावर ठेवली. मी विसरले असं मी आजवर स्वतःशी तरी कधी म्हटलेलं नाही. मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय. आमच्याकडे मानपानात एक साडी कमी पडली म्हणून विहिणी जन्मभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. इथं तर घराण्याची ठेव जाणार होती. झेन्झी कडाडेल, आईला लागेल, आणि आई मंगळवारी माझ्यासोबत बसमध्ये बसेल. इतका सरळ हिशोब होता माझा.

पाव झकास झाले. चौकात बायका माझ्या हाताचं कौतुक करत होत्या, वैजू अर्थ सांगत होती आणि मी मान डोलवत होते.

दुपारी झेन्झीनं बरणी उचलली. रोजच्यासारखं चमचाभर पीठ आत घालायला. बरणी हलकी लागली म्हणून तिनं झाकण काढून आत बघितलं, मग आम्हा तिघींकडे बघितलं. काहीतरी विचारलं. वैजूचा चेहरा उतरला.

"आई, विरजण कुठाय म्हणतायत."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी पावाचे तुकडे करत होते. सुरी थांबवली नाही. वर बघितलं नाही. मनात म्हणत होते, आता विचारेल. आता म्हणेल की शालनला सांगितलं होतं.

"माझ्याकडून राहिलं," आई म्हणाली. "सांग त्यांना वैजू. माझ्याकडून काढायचं राहिलं."

वैजूनं सांगितलं. झेन्झी खुर्चीत बसली. बरणी मांडीवर. मी कान टवकारले. आणि ती म्हातारी हसायला लागली. खोकला लागेपर्यंत हसली. वैजूलाही काही कळेना, मग हळूहळू तिच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणतायत, या घरात हे चौथ्यांदा झालंय. एकदा त्यांच्या सासूकडून, दोनदा त्यांच्याच हातून. पहिल्यांदा तर लग्नाच्या आठवड्यात. या गल्लीत एक घर असं नाही की ज्यांचं कधी गेलं नाही. ज्याचं जातं तो दुसऱ्या घरी मागायला जातो. त्यामुळे सगळ्यांकडे सगळ्यांचंच आहे ताई, जहाजातलंच."

"मग झालं तर," मी म्हटलं.

"थांब ना. पुढं म्हणतायत, मागायला पाहुणीनं जायचं नसतं. घरच्याच बाईनं जायचं. आणि तेही जिच्या हातून गेलं तिनंच." वैजूनं आईचा हात धरला. "उद्या चर्चनंतर तू जायचंस म्हणे. ओबरहोफतर्फे."

आई "अगंबाई" म्हणाली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

रविवारी सगळी गल्ली जमली. आईच्या हातात लाकडी वाडगा, त्यावर पांढरं फडकं. बाजूला झेन्झी, पण दोन पावलं मागे. मोझर नावाच्या घरापुढे आई थांबली. आदल्या संध्याकाळी झेन्झीनं तिच्याकडून चार वाक्यं घोकून घेतली होती. मोझरच्या बाईनं दार उघडलं. रोज सकाळी आईला बघणारी ती बाई, पण रीत म्हणून अनोळखी चेहरा करून तिनं विचारलं, "कुठलं घर?"

"ओबरहोफ," आई म्हणाली. मग ती चार वाक्यं, आमच्या सांगलीच्या हेलात. आमच्यातलं संपलं. तुमच्यातलं द्या. तुमचं संपेल तेव्हा आमच्याकडे या. दार उघडं असेल.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाडग्यात मूठभर पीठ पडलं. झेन्झीनं सगळ्यांदेखत आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि माझी आई, चारचौघांत मोठ्यानं हसायलाही लाजणारी बाई, लालबुंद होऊन हसत होती. मी मागे भिंतीशी उभी होते. तिला या घरातून काढायला निघाले होते आणि माझ्याच हातानं तिला या घरात बसवून आले. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. तरी राग मला स्वतःचा आला नाही. झेन्झीचाच आला. ती चिडली का नाही, याचा.

सोमवारी दुपारी मी आईच्या खोलीत गेले. वैजू पोराला निजवत होती, झेन्झी कोंबड्यांकडे होती. आई पलंगावर बसली होती.

"आई, उद्या आठची बस आहे."

तिनं वाकून पलंगाखालून तिची निळी बॅग ओढली. चेन उघडली. आत सगळं भरलेलं. लुगडी, औषधांची पिशवी, देवाचा डबा. वर माझ्या पोरांसाठी विणलेले दोन स्वेटर आणि माझ्या नवऱ्याला कानटोपी.

"हे शुक्रवारीच भरलं होतं," आई म्हणाली. "शेवटची भट्टी तुझ्या हातून करून घ्यायची आणि मंगळवारी तुझ्याबरोबर निघायचं असं ठरवलं होतं. विहीणबाईंना सांगून पण झालं होतं. त्या दोन दिवस रडत होत्या. तुला दिसू दिलं नाही."

मी बॅगेकडे बघत राहिले.

"तुझी खोली मला बघायची होती गं. देव्हारा कुठल्या भिंतीला केलास?"

"पूर्वेला. मग चल ना आई. भरलेलीच आहे बॅग."

आई बराच वेळ एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"तुझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "तू लहान होतीस. आधी आमटीत मीठ दोनदा. मग चूल तशीच पेटती ठेवून देवळात. शेवटी मला ओळखेना. तुम्ही दोघं दिवसभर नोकरीला जाणार. घरात मी एकटी. गॅस चालू राहिला तर? इथं विहीणबाई चोवीस तास डोळ्यांसमोर असतात, चुकलं तर हसतात, ओरडतात. त्यांना चालेल. तुझ्या घरी मला ते नको."

"एका विरजणावरून काहीतरीच काय बोलतेस!"

"विरजणाचं नाही गं." तिनं माझ्याकडे बघितलं. "मला अगदी लख्ख आठवतंय की मी तुला सांगितलं. आधी मूठ काढ, मग मीठ. दोनदा सांगितलं. तू बरं म्हणालीस. इतकं स्पष्ट दिसतंय मला. पण मी सांगितलं असतं तर तू काढलंच असतंस. तू काय विसरणारी पोर नाहीस, लहानपणापासून. म्हणजे मी न झालेलं आठवतेय शालन. त्याची भीती वाटते. तूच सांग. सांगितलं होतं का मी तुला?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. हो आई, दोनदा सांगितलंस, आणि मी मुद्दाम नाही काढलं. एवढं एक वाक्य. ते बोलले असते तर आईनं ती बॅग उचलली असती आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या बसमध्ये असतो. मला ते तेव्हाही कळत होतं, कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. पण ती माझ्याकडे ज्या विश्वासानं बघत होती, तो तिच्या डोळ्यांतून जाताना मला बघवला नसता. आणि खरं सांगायचं तर, ते झेन्झीला कळलं असतं हे मला त्याहून सोसलं नसतं.

"नाही आई," मी म्हटलं. "नव्हतं सांगितलंस."

आईनं मान हलवली. "वाटलंच मला."

मग तिनं बॅगेतून स्वेटर आणि कानटोपी काढून माझ्या हातात दिली आणि लुगडी एकेक करून पुन्हा कपाटात ठेवायला लागली. मीही तिला ती ठेवायला मदत केली.

मंगळवारी मी एकटी निघाले. यावेळी आई बसथांब्यापर्यंत पोचवायला आली होती, झेन्झीच्या हाताला धरून. विमानात शेजारची सीट रिकामी होती.

आई त्यानंतर सात वर्षं जगली. मिरजेची खोली पुढं पोरांच्या अभ्यासाची झाली. ती गेल्यावर वैजूचं लांबलचक पत्र आलं. ताई, आई शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख होती गं, असं तिनं लिहिलं होतं. गल्लीतल्या पोराबाळांचे वाढदिवस सगळे तोंडपाठ, एक म्हणून विसरली नाही. फक्त तू येऊन गेल्यापासून तिला एक सवय लागली होती. कुणाला काही काम सांगितलं की थोड्या वेळानं मागून यायची आणि हळूच विचारायची, "मी सांगितलं ना गं तुला?" आम्ही हो म्हटलं तरी तिला खरं वाटायचं नाही.